शून्य पाऊस आणि 'नोंद नाही' : प्रोग्रॅमिंगमधील 'ऑप्शनल'ची ओळख

पावसाळा सुरू झाला, की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांची नजर वृत्तपत्रातील एका छोट्या चौकटीकडे आपोआप वळते. कोयना, नवजा आणि महाबळेश्वर येथे चोवीस तासांत पडलेला पाऊस, कोयना धरणातील पाणीसाठा आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी, असे हे आकडे असतात. एखाद्या दिवशी नवज्यासमोर आकड्याऐवजी आडवी रेघ दिसली, तर वाचक गोंधळत नाही. आज नोंद आलेली नाही, एवढाच अर्थ तो घेतो. नवज्याला पाऊसच पडला नाही, असे त्याच्या मनातही येत नाही.

माणसाला सहज कळणारा हा फरक संगणकाला मात्र मुद्दाम शिकवावा लागतो. त्यासाठी आधुनिक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये 'ऑप्शनल' मूल्य आणि 'सशर्त बंधन' या दोन सोयी दिलेल्या आहेत. प्रोग्रॅमिंग शिकू लागलेले विद्यार्थी बहुधा याच ठिकाणी पहिल्यांदा अडखळतात. प्रश्नचिन्हे, उद्गारचिन्हे आणि 'इफ लेट' यांचा हा पसारा कशासाठी, असे त्यांना वाटते. कृष्णा-कोयनेच्या नोंदी समोर ठेवल्या, की त्याचे उत्तर मिळते.

शून्य हाही आकडाच

शून्य म्हणजे 'काही नाही', असे आपण बोलताना म्हणतो. गणिताच्या दृष्टीने ते बरोबर नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्रह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात शून्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम मांडले, तेव्हापासून शून्य ही इतर संख्यांसारखीच एक संख्या आहे. 'पाऊस शून्य मिलिमीटर' या नोंदीत पूर्ण माहिती आहे : पर्जन्यमापक पाहिला गेला आणि त्यात पाणी नव्हते. 'नोंद नाही' या शब्दांत पावसाविषयी कोणतीही माहिती नाही.

हा फरक पुसला गेला तर काय होते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. एका केंद्रावर पाच दिवसांपैकी चार दिवसांच्या नोंदी ११०, ९०, १३० आणि १५० मिलिमीटर आहेत. एका दिवसाची नोंद आलेली नाही. बेरीज होते ४८०. चार नोंदींची सरासरी १२० मिलिमीटर. रिकाम्या दिवशी शून्य धरून पाचने भागले, तर सरासरी ९६ मिलिमीटर निघते. संगणकाने गणित अचूक केले, तरी उत्तर चुकीचे आले.

नदीच्या पातळीबाबत ही चूक अधिक गंभीर ठरते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. 'पातळी ४० फूट किंवा अधिक असेल तर इशारा दे' एवढाच सोपा प्रोग्रॅम लिहिला आणि न आलेली नोंद शून्य धरली, तर प्रोग्रॅम शून्याची तुलना ४० शी करील आणि 'धोका नाही' असे सांगेल. वीज जाणे, मोबाईलचे टॉवर बंद पडणे, मोजणीचे यंत्र पाण्याखाली जाणे हे प्रकार महापुराच्या दिवसांतच अधिक घडण्याची शक्यता असते. म्हणजे ज्या वेळी इशाऱ्याची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच वेळी हा प्रोग्रॅम निर्धास्त राहण्याचा सल्ला देईल. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्याही वर गेली होती.

एकच शून्य, दोन अर्थ

यावर नवशिक्याला एक सोपा उपाय सुचतो : शून्य आले की नोंद आलेली नाही असे समजावे. जुलैमध्ये महाबळेश्वरसाठी हा उपाय बऱ्याच अंशी चालेल. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तर ५९० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली होती. तेथे ऐन जुलैत शून्य दिसले, तर शंका घेणेच योग्य.

तथापि सह्याद्रीचा माथा मागे टाकून पूर्वेला माण, खटाव, आटपाडी किंवा जत तालुक्यात गेले, की चित्र उलटते. पर्जन्यछायेतील या दुष्काळी पट्ट्यात भर पावसाळ्यातही आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. तेथील शून्य खरे असते आणि ते शेतकऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे असते. पावसात किती दिवसांचा खंड पडला, यावर टंचाईचे आणि पीकविम्याचे निर्णय अवलंबून असतात. तेथे शून्याला 'नोंद नाही' मानणे म्हणजे दुष्काळाचा पुरावाच पुसून टाकणे होय.

सारांश, आकड्याकडे पाहून तो खरा आहे की रिकाम्या जागेत भरलेला, हे ओळखता येत नाही. ती माहिती आकड्याबरोबर वेगळी ठेवावी लागते.

जुन्या वाटा

ही अडचण संगणकशास्त्राला नवी नाही. हवामानाच्या माहितीसंचांत न आलेल्या नोंदीच्या जागी उणे ९९९ किंवा उणे ९९९९ असा अशक्य आकडा लिहिण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ आहे. पाऊस उणे असू शकत नाही, म्हणून माणूस हा आकडा पाहताच ओळखतो. प्रोग्रॅम लिहिणारा त्याला वगळण्यास विसरला, तर मात्र तो आकडा बेरजेत शिरतो आणि महिन्याचा पाऊस शून्याच्याही खाली जातो.

दुसरी वाट म्हणजे 'नल'. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये 'अल्गोल डब्ल्यू' या भाषेसाठी नल संदर्भाची कल्पना आणली. जेथे वस्तू असायला हवी तेथे 'काहीच नाही' असे सांगण्याची ती खूण होती. पुढे अनेक भाषांनी ती स्वीकारली. अडचण अशी, की कोणत्या ठिकाणी नल येऊ शकतो आणि कोणत्या ठिकाणी नाही, हे प्रोग्रॅमच्या मजकुरावरून कळत नसे. तपासणी राहून गेली, तर प्रोग्रॅम चालू असताना अचानक बंद पडे. २००९ मध्ये लंडन येथील एका परिषदेत होअर यांनी स्वतःच या कल्पनेला 'अब्ज डॉलरची चूक' म्हटले.

काही भाषांत प्रोग्रॅम बंदही पडत नाही. जावास्क्रिप्टमध्ये नलमध्ये पाच मिळवले तर उत्तर पाच येते, कारण तेथे बेरीज करताना नलचा मुकाट्याने शून्य होतो. बंद पडलेला प्रोग्रॅम निदान दिसतो. असा शून्य कोणाच्या लक्षातही येत नाही.

ऑप्शनल म्हणजे बंद पाकीट

'ऑप्शनल' या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ 'ऐच्छिक' असा आहे. येथे तो अर्थ दिशाभूल करतो, कारण यात कोणाच्या इच्छेचा प्रश्न नाही. 'असेल किंवा नसेल असे मूल्य' हा अर्थ अधिक नेमका ठरेल.

ॲपलने जून २०१४ मध्ये जाहीर केलेल्या 'स्विफ्ट' या भाषेत ही कल्पना केंद्रस्थानी आहे. तेथे प्रत्येक मूल्याला एक प्रकार असतो : पूर्णांक, दशांश, मजकूर इत्यादी. नुसते 'पूर्णांक' असे लिहिले, तर तेथे आकडा असलाच पाहिजे. 'पूर्णांक'पुढे प्रश्नचिन्ह लिहिले, तर तेथे आकडा असेल किंवा 'निल', म्हणजे काहीच नसेल. ऑप्शनल पूर्णांक हा आकडा नव्हे. आकडा ज्यात असू शकेल असे ते बंद पाकीट आहे, अशी कल्पना करावी.

पाकिटांची बेरीज होत नाही आणि पाकिटाची ४० शी तुलनाही होत नाही. तसे लिहिले तर प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वीच संगणक हरकत घेतो. ही हरकत घेणाऱ्या यंत्रणेला 'कंपायलर' म्हणतात. नवशिक्याला हा कंपायलर छळवादी वाटतो. वस्तुतः 'हे पाकीट रिकामे निघाले तर काय करायचे, ते आधी सांगा', एवढीच त्याची मागणी असते.

स्विफ्टच्या रचनाकारांनाही हा नियम अनुभवानेच कडक करावा लागला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ऑप्शनल मूल्यांची थेट तुलना करता येत असे आणि निल हे कोणत्याही आकड्यापेक्षा लहान मानले जाई. म्हणजे 'नोंद नाही' ही ४० फुटांपेक्षा कमी ठरत असे. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही सवलत काढून टाकण्यात आली.

सशर्त बंधन : 'जर' आणि 'समजा'

पाकीट सुरक्षितपणे उघडण्याच्या रीतीला सशर्त बंधन म्हणतात. स्विफ्टमध्ये ते 'इफ लेट' या दोन शब्दांनी लिहितात. 'इफ' म्हणजे 'जर'. 'लेट' हा शब्द गणिताच्या इंग्रजी पुस्तकांतला आहे. मराठी पुस्तकांत त्याच जागी आपण 'समजा' वाचलेले असते. 'समजा, क्ष बरोबर पाच' यात क्ष हे नाव पाच या मूल्याशी बांधले जाते. सशर्त बंधनात हे बांधणे एका अटीवर होते : पाकिटात मूल्य असेल तरच. मराठीत लिहायचे तर ते असे होईल :

जर समजा पातळी = सांगलीची नोंद, तर
– पातळी ४० फूट किंवा अधिक असल्यास इशारा दे
– कमी असल्यास 'इशारा पातळीखाली' असे दाखव
अन्यथा
– 'नोंद उपलब्ध नाही' असे दाखव आणि नियंत्रण कक्षाला कळव

येथे तीन गोष्टी एकदम घडतात. पाकीट तपासले जाते. आत आकडा असेल तर तो बाहेर काढला जातो. आणि त्याला 'पातळी' हे नवे नाव मिळते. हे नाव 'जर'च्या भागापुरतेच जिवंत असते. 'अन्यथा'मध्ये ते वापरता येत नाही, कारण तेथे बांधायला मूल्यच नसते. तपासणी आणि वापर यांची अशी गाठ घातल्यामुळे 'तपासायचे राहून गेले' ही चूक करायला वावच राहत नाही.

एकाच ओळीत अनेक पाकिटे उघडता येतात. कोयना नदी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीकडे येते. कऱ्हाड आणि सांगली या दोन्ही ठिकाणच्या नोंदींची तुलना करायची असेल, तर 'जर समजा' नंतर स्वल्पविराम देऊन दोन्ही नावे लिहावीत. दोन्ही पाकिटांत आकडे असतील तरच तुलना होते. एक जरी रिकामे निघाले तरी काम 'अन्यथा'कडे जाते.

याचेच भावंड म्हणजे 'गार्ड लेट'. हा दारावरचा पहारेकरी समजावा. 'नोंद असेल तर आत या, नसेल तर येथूनच परत जा' असे तो सुरुवातीलाच सांगतो. मूल्य मिळाले तर त्याचे नाव पुढच्या सर्व ओळींत वापरता येते. मूल्याशिवाय पुढचे कोणतेच काम करता येणार नसेल, तेव्हा ही रीत सोयीची. मूल्य असताना एक आणि नसताना दुसरे असे दोन्ही मार्ग महत्त्वाचे असतील, तेव्हा 'इफ लेट' बरे.

दोन मोहाच्या जागा

पाकीट उघडण्याच्या आणखी दोन रीती आहेत. दोन्ही उपयुक्त आहेत आणि दोन्हींत नवशिके फसतात.

पहिली रीत उद्गारचिन्हाची. ऑप्शनलपुढे उद्गारचिन्ह लिहिणे म्हणजे 'यात मूल्य आहेच, मी हमी देतो' असे सांगणे. हमी खोटी ठरली, तर प्रोग्रॅम त्या क्षणी बंद पडतो. कंपायलरची हरकत मिटते, म्हणून विद्यार्थी सर्रास उद्गारचिन्हे टाकत सुटतात. शिक्षकांच्या संगणकावर नोंदी पूर्ण असल्याने सारे सुरळीत चालते आणि एखादी नोंद चुकली की ॲप कोसळते. मूल्य असल्याची खात्री जेथे प्रोग्रॅमच्या रचनेतूनच मिळते, तेथेच हे चिन्ह वापरावे.

दुसरी रीत दोन प्रश्नचिन्हांची. 'पाकीट रिकामे असल्यास त्याऐवजी हे मूल्य घ्या' असा तिचा अर्थ. एखाद्या अर्जात मधले नाव भरले नसेल, तर रिकामी जागा दाखवण्यासाठी ती उत्तम. पावसाच्या नोंदीपुढे मात्र 'नसल्यास शून्य' असे लिहिले, तर जो शून्य टाळण्यासाठी हा सारा खटाटोप केला, तोच मागच्या दाराने परत येतो. कंपायलर येथे हरकत घेत नाही, कारण आपण त्याला उत्तर दिलेले असते. ते उत्तर योग्य आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

'अन्यथा'मध्ये काय लिहायचे, हा म्हणूनच प्रोग्रॅमिंगपेक्षा व्यवहाराचा प्रश्न आहे. पुराच्या फलकावर शेवटची मिळालेली पातळी दाखवायची असेल, तर ती किती वाजताची आहे हेही सोबत दाखवले पाहिजे. पहाटेची पातळी दुपारी वेळ न सांगता दाखवणे हीसुद्धा फसवणूकच.

अक्षरांतून आकडा काढताना

नवशिक्याला ऑप्शनल पहिल्यांदा भेटतो तो बहुधा मजकुराचा आकडा करताना. वापरणाऱ्याने टंकलेले '४५' हे संगणकाच्या दृष्टीने अक्षरे असतात. त्यांचा पूर्णांक करायला सांगितला, की स्विफ्ट थेट आकडा देत नाही, ऑप्शनल देते. कारण टंकलेल्या मजकुरात आकडा असेलच असे नाही. '४५ फूट' लिहिले तर निल. आकड्याआधी मोकळी जागा सुटली तरी निल. '३८.५' लिहिले तरी निल, कारण तो पूर्णांक नव्हे. त्यासाठी दशांश प्रकार हवा.

मराठी वापरकर्त्यांसाठी यात आणखी एक मेख आहे. स्विफ्टचे हे रूपांतर केवळ इंग्रजी अंक ओळखते. देवनागरी अंकांत ४५ टंकले तर उत्तर निलच येते. पायथॉन भाषा मात्र देवनागरी अंकांचेही रूपांतर करते. तलाठी, शेतकरी किंवा ग्रामपंचायतीसाठी मराठीतून ॲप तयार करणाऱ्याने ही गोष्ट आधीच तपासून घ्यावी. अन्यथा प्रामाणिकपणे भरलेली नोंद 'नोंद नाही' ठरेल.

इतर भाषांत आणि तक्त्यांत

ही सोय एकट्या स्विफ्टची नाही. गुगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी अधिकृतपणे स्वीकारलेल्या 'कोटलिन' भाषेत असेच प्रश्नचिन्ह आहे. तेथे मूल्य नल नसल्याचे एकदा तपासले, की पुढच्या ओळींत कंपायलर ते लक्षात ठेवतो. 'रस्ट' भाषेत 'ऑप्शन' हा प्रकार आहे आणि 'इफ लेट' हेच शब्द आहेत. जावाच्या आठव्या आवृत्तीत २०१४ मध्ये 'ऑप्शनल' हा प्रकार आला. त्याही आधीपासून 'हॅस्केल' भाषेत यासाठी 'मेबी', म्हणजे 'कदाचित', असे समर्पक नाव आहे.

कार्यालयांत रोज वापरल्या जाणाऱ्या साधनांतही हा प्रश्न दडलेला असतो. माहितीसाठ्याच्या एसक्यूएल भाषेत सरासरी काढताना नल नोंदी वगळल्या जातात. वरील पाच दिवसांच्या उदाहरणात ती १२० देईल. एक्सेलमध्येही सरासरीचे सूत्र रिकामे घर वगळते. परंतु त्याच रिकाम्या घराचा संदर्भ दुसऱ्या घरात साध्या सूत्राने घेतला, की तेथे शून्य उमटते आणि पुढच्या सरासरीत ते मोजले जाते. एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात आकडे उचलताना ही चूक नकळत होते.

ऑप्शनल काय करू शकत नाही

या कल्पनेच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. निल एवढेच सांगते, की मूल्य नाही. ते का नाही, हे सांगत नाही. यंत्र बिघडले, संपर्क तुटला, की नोंद घेण्याची वेळच अजून झालेली नाही, हे वेगळे कळायला हवे असेल, तर कारणासाठी स्वतंत्र प्रकार तयार करावा लागतो.

चुकीचा आकडाही ऑप्शनल ओळखू शकत नाही. स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, तर बाहेर धो धो पाऊस असूनही यंत्र शून्य नोंदवू शकते. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ते पाकीट भरलेले असते. अशी नोंद शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहण्याचे काम वेगळे करावे लागते आणि त्यासाठी परिसराची जाण असलेला माणूस लागतो.

शिकणाऱ्यांनी सुरुवात कशी करावी, तर वृत्तपत्रातील पावसाची चौकट समोर घ्यावी. दहा दिवसांचे आकडे लिहावेत, एक-दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवाव्यात आणि एक खरा शून्य घालावा. मग सरासरी, सर्वाधिक पाऊस आणि कोरडे दिवस मोजणारा प्रोग्रॅम लिहावा. शून्य आणि रिकामी जागा यांची उत्तरे वेगवेगळी आली, तर विषय समजला असे मानावे. त्यानंतर प्रत्येक 'अन्यथा' पुन्हा वाचावा आणि ते वाक्य पुराच्या रात्री नदीकाठच्या घरात कोणी वाचले तर त्याला खरी परिस्थिती कळेल का, हे तपासावे.